अण्णांसाठी आम्ही सोडलेलं तूप

आमच्या अण्णांच्या हृदयाला धोका आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्यांनी पथ्य पाळलं. अण्णांनी पाळलं नाही.

हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि ऐकणारा दर वेळी मला मध्येच थांबवतो. "तुम्हाला उलटं म्हणायचं असेल," असं समजुतीनं सुचवतो. नाही हो! मला सुलटंच म्हणायचं आहे. उलटं होतं ते आमचं घर.

अण्णा म्हणजे माझे वडील, जळकोटचे पोलीस पाटील. निजामाच्या राज्यात ते पाटील होते, हैदराबाद स्टेटात पाटील होते, मुंबई राज्यात पाटील होते आणि महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी पाटीलच होते. सरकारं चार झाली, पण अण्णांच्या जेवणात फरक पडला नाही. दारात दोन म्हशी, घरात कढवलेलं रवाळ तूप. ज्वारीची भाकरी ताटात चुरायची, मध्ये आळं करायचं, त्यात आमटी ओतायची आणि वरून तुपाची धार. ती धार कधी थांबवायची हे वाढणाऱ्यानं ठरवायचं नसे. अण्णा बोट वर करत तेव्हा ती थांबे, आणि बोट वर करायची त्यांना कधी घाई नसे.

मी तेव्हा हैदराबादेहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो आणि जवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. मास्तरकी नवी होती, त्यामुळे ज्ञान अंगात मावत नव्हतं. शाळेत मुलं बसून ऐकत (त्यांना उठून जाता येत नसे), घरी मात्र माझ्या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांच्या दुखण्यानं ते मिळालं.

थंडीचे दिवस होते. सकाळी अण्णा शेताकडे निघाले, बरोबर बाबूमियाँ होते. बाबूमियाँ आमच्या गावचे शिंपी आणि अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. चालता चालता अण्णा बांधावर बसले आणि उठेचनात. छातीवर हात, एवढ्या गारठ्यात सदरा घामानं चिंब. बाबूमियाँनी कुणाची तरी गाडी थांबवली आणि अण्णांना घरी आणलं. आत्यानं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, ते वायूचं दुखणं ठरवलं आणि ओवा चारला. दुपारी बरं वाटलं. आईनं मात्र माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "उद्याच्या गाडीनं सोलापूरला ने."

सोलापूरचे डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी अण्णांच्या छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं आणि आठवड्यानं बोलावलं. आठवड्यानं गेलो तेव्हा त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला आणि अण्णांकडे बघत म्हणाले, "पाटील, रक्तात चरबी फार आहे. ती हृदयाच्या नळ्यांत साठत जाते. आज कदाचित काही होणार नाही. दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी ती बोलेल. पण तेव्हा एकदाच बोलेल."

मग मी विज्ञानाचा मास्तर आहे हे कळल्यावर त्यांनी मला थोडं समजावून सांगितलं. सगळी स्निग्ध आम्लं एका जातीची नसतात. तुपातली, डालड्यातली, मटणाच्या चरबीतली गारठ्यात थिजतात. करडईच्या तेलातली थिजत नाहीत. पहिली रक्तातली चरबी वाढवतात, दुसरी बहुधा कमी करतात. हा विचार अजून नवा आहे, सगळं पक्कं ठरलेलं नाही, असंही ते म्हणाले, पण आपल्या स्वतःच्या वडिलांना आपण हेच पथ्य दिलं आहे. तेव्हा तूप बंद, डालडा बंद, मटण बंद. थोडं करडईचं तेल, रोज चालणं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

अण्णा गंभीरपणे ऐकत होते. त्यांनी विचारलं, "सणाला?"

"नाही."

"श्राद्धाला?"

"कुणाच्या, त्यावर आहे," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी सर्वांना ओळीनं बसवलं. एका वाटीत तूप, एका वाटीत करडईचं तेल, अशा दोन वाट्या रात्रभर अंगणात ठेवल्या होत्या. सकाळी दोन्ही तिरक्या केल्या. तेल वाहिलं. तूप हललं नाही. "आता समजा, ही वाटी म्हणजे अण्णांचं काळीज," असं म्हणून मी तुपाची वाटी उपडी धरली. (अंगात वाटीसारखं काही थिजत नसतं, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. पण प्रयोग इतका छान जमला होता की ते सांगायचं राहिलं.) आईनं डोळ्याला पदर लावला. आत्यानं कानाला हात लावले. अण्णा त्या वाटीकडे लेकीला सासरी धाडताना बाप बघतो तसे बघत होते.

दोन दिवस अण्णा करडईच्या तेलाशी जेवले. तिसऱ्या दिवशी ताटावर बसले आणि भूक नाही म्हणून उठले. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता चहा. करडईचं तेल त्यांना कडू लागत होतं असं नाही. आमच्या भागात ते सगळेच खात. अण्णासुद्धा चटणीवर घालून खात. पण ते चटणीवर! आळ्यातल्या आमटीवर तेल ओतून जेवायचं म्हणजे पाटलाला पाटीलपण उतरवून जेवल्यासारखं वाटत होतं. पोलीस पाटील असल्यामुळे ते संपाला संप म्हणत नव्हते, इतकंच.

आई घाबरली. तुपानं दहा वर्षांनी काय व्हायचं ते होईल, पण हा माणूस उपाशी राहून याच महिन्यात जाईल, अशी तिला भीती वाटली. त्यात तिची तरी काय चूक होती? मंगळवारी ती सकाळच्या एसटीनं एकटीच तुळजापूरला गेली. परत आली ती कपाळभर कुंकू लावून, शांत चेहऱ्यानं. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि सांगितलं की देवीपुढे नवस बोलून आले आहे. ह्यांचं रक्त नीट होईस्तोवर मी तुपाला शिवणार नाही.

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

"आई, तू कशाला? डॉक्टरांनी अण्णांना सांगितलंय."

"ते मला म्हाईत हाय. पर त्यास्नी जमंना. मग म्या सोडलं."

मी खडू घेतला. भिंतीवर हृदय काढलं, नळ्या काढल्या, तोंडापासून रक्तापर्यंत बाण काढले आणि ज्याच्या तोंडात तूप जाईल त्याच्याच रक्तात चरबी जाईल, दुसऱ्याच्या नाही, हे सिद्ध केलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू लहानपणी तापानं पडला व्हतास. तवा म्या वर्षभर पायात वहाण घातली न्हाय. बरा झालास का न्हाय?"

"झालो."

"तवा तुझ्या पायात तर बूट व्हते."

मी खडू खाली ठेवला. बी.एस्सी.ला हा भाग नव्हता.

आणि तिचं खरंच होतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आयुष्यासाठी सगळे उपास तिनंच केले होते आणि आयुष्य अण्णांना मिळत आलं होतं. या व्यवहारात ज्याचं आयुष्य त्यानंच उपास करावा अशी अट कुणी कधी घातली नव्हती. मग सोलापूरच्या डॉक्टरानंच ती का घालावी?

अण्णांना हा विचार एकदम पटला. पथ्य घरात पाळलं जातंय ना, मग झालं की, असं म्हणून ते ताटावर बसले. पहिल्या दिवशी त्यांनी संकोचानं तुपाची नुसती एक रेघ घेतली. आईला ते जेवले याचाच आनंद. दुसऱ्या दिवशी रेघेची धार झाली. मी काही बोलायला गेलो की आई म्हणायची, खाल्लं नाही तर अंगात ताकद कशी राहणार, आणि ताकद राहिली नाही तर नवस कुणासाठी? मी हरत गेलो.

पुढे सगळं वेगानं बिघडलं. भावजयीनं तूप सोडलं म्हटल्यावर सख्ख्या बहिणीनं मागं राहणं शक्यच नव्हतं. आत्यानं साय सोडली. आत्या सायीसाठी म्हशीपेक्षा लवकर उठायची, त्यामुळे हा त्याग मोठाच होता. तो तिनं अण्णांच्या समोर उभं राहून जाहीर केला. "नामू, तुझ्यासाठी," एवढंच बोलली. पन्नाशी ओलांडलेल्या पोलीस पाटलाला नामू म्हणणारी गावात ती एकटीच होती.

मग एका शुक्रवारी बाबूमियाँ आले. टोपी नीट केली आणि उंबऱ्यातच उभे राहिले. नमाजनंतर दर्ग्यात जाऊन आलो, म्हणाले. "पाटील, मन्नत बोललो. तुमचं खून साफ हुईस्तोवर आपुन नळी खानार न्हाय." रविवारी मटणाचा वाटा आला की त्यातली नळी फोडून, ठोकून, ओढून खाणं हे बाबूमियाँचं आठवड्यातलं एकमेव सुख होतं, उरलेले दिवस ते काज करत. अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी उठून बाबूमियाँना मिठी मारली. मिठी सुटल्यावर जरा घुटमळून त्यांनी विचारलं की मग ती नळी आता वाया जाणार का.

बाबूमियाँ दुखावले. वाया कशी जाईल? पाटील आजारी असताना?

खरी मेख इथं होती. सोडलेल्या वस्तूंचं करायचं काय? नवसाचं तूप विकायचं नाही, टाकायचं नाही, परक्याला द्यायचं नाही, असं आईचं म्हणणं. आईच्या वाट्याचं तूप, आत्याच्या वाट्याची साय, बाबूमियाँची नळी, सगळं घरातल्या सर्वांत आजारी माणसाकडे जाणं ओघानंच आलं. अण्णा नको म्हणत नव्हते असं नाही. म्हणत. पण लोकांनी आपल्यासाठी एवढं सोडलेलं आपण खाल्लंही नाही, तर त्यांना काय वाटेल, असा त्यांना प्रश्न पडे. हळवा माणूस होता.

आता राहिलो मी. गावात कुजबुज सुरू झाली. एकुलता एक मुलगा, शिकलेला, आणि बापासाठी याला काहीच सोडता येईना! मी तत्त्व म्हणून ठाम होतो. विज्ञानाचा मास्तर असलं काही करणार नाही. पण रोज एसटीची वाट बघत मी गुरप्पाच्या हॉटेलात बसायचो. गुरप्पा माझ्यापुढे बालूशाहीची बशी ठेवायचा आणि न बोलता माझ्याकडे बघत राहायचा. त्या नजरेखाली बालूशाही गिळणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. (डालड्यात तळलेली, पाकात मुरलेली, हैदराबादेतही तशी खाल्ली नाही.) शेवटी एके दिवशी मी बशी पुढे सरकवली. "गुरप्पा, आजपासून सोडली."

गुरप्पानं माझ्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी घरी आलो तर अण्णा बालूशाही खात होते. "मास्तरांनी सोडलेली" म्हणून गुरप्पानं पाठवली होती आणि रोज पाठवणार होता.

इतकं पौष्टिक आजारपण आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं! अण्णांच्या गालांवर तकाकी आली. बाबूमियाँनी त्यांचा सदरा दोन वेळा उसवून मोठा केला. लोक भेटायला येत आणि पाटलांचं दुखणं आपल्याला लागावं अशा नजरेनं बघून जात.

हसण्यासारखं एवढंच होतं. मधेच एकदा चावडीच्या पायऱ्या चढताना अण्णा थांबले आणि त्यांनी पुन्हा छातीवर हात दाबला. थोडाच वेळ. मी पाहिलं आणि आईनंही पाहिलं. मी रात्री जेवताना पुन्हा डॉक्टरांचे शब्द सांगितले. अण्णा मान खाली घालून ऐकत होते आणि जेवत होते. आईनं वेगळं केलं. तिनं दूध सोडलं. पुढच्या आठवड्यात संध्याकाळचं जेवण सोडलं. जसजसं अण्णांचं दुखणं तिला मोठं वाटू लागलं, तसतशी ती स्वतःचं ताट लहान करत गेली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आपल्या घरात आता एक नाही, दोन आजारी माणसं आहेत.

तीन महिने झाले. सोलापूरला निघालो तर आई, आत्या आणि बाबूमियाँसुद्धा एसटीत येऊन बसले. ज्याच्यासाठी एवढं सोडलं, त्याचा निकाल कानांनी ऐकायचा होता. रक्त आधीच देऊन ठेवलं होतं. आम्ही डॉक्टरांच्या खोलीत शिरलो, ते चार वाळलेली माणसं आणि मध्ये एक टवटवीत रुग्ण, असे.

डॉक्टरांनी विचारलं, पथ्य पाळलं का.

"पाळलं," आम्ही चौघं म्हणालो.

डॉक्टर गोंधळले. रक्तातली चरबी पूर्वीपेक्षा वाढली होती. त्यांनी पुन्हा विचारलं, तूप? आई म्हणाली, तीन महिने बोट लावलं नाही. साय? आत्या म्हणाली, वाससुद्धा घेतला नाही. मटण? बाबूमियाँ म्हणाले, नळीकडे पाहिलंही नाही. मिठाई? मी खाली बघत म्हणालो, बंद आहे. डॉक्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले आणि शेवटी त्यांची नजर अण्णांच्या तोंडावर थांबली. ते तेवढं चकचकत होतं.

मग मला सगळं सांगावं लागलं. विज्ञानाच्या पदवीधरानं दुसऱ्या पदवीधराला ते कसं सांगितलं, ते शब्द आता आठवत नाहीत आणि आठवायची इच्छाही नाही.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. मग उठले, आईजवळ गेले आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आत लाल असतं तिथं पांढरं होतं.

"बाई, तुमच्या अंगात रक्तच राहिलेलं नाही. तुम्ही आजपासून दूध-तूप घ्यायचं."

"ह्यांचं रक्त नीट हुईस्तोवर न्हाय घेनार."

"अहो, ते नीट व्हायला यांनी सोडायला हवं."

"त्यास्नी जमलं असतं तर म्या कशाला सोडलं असतं?"

मी खडू ठेवला होता तसा डॉक्टरांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. डॉक्टर अण्णांकडे वळले. आता ते काहीतरी कडक बोलतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "पाटील, तुमच्या चरबीला बोलायला दहा-पंधरा वर्षं लागतील. यांना तेवढा वेळ नाही."

एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा आई खाली उतरली आणि तिला घेरी आली. आत्यानं तिला स्टँडच्या पायरीवर बसवलं. अण्णा लगबगीनं गेले आणि चहा घेऊन आले. आईनं कपाकडे पाहून मान हलवली. दुधाचा होता. अण्णांनी तो चहा प्यायला नाही आणि टाकलाही नाही. गाडी सुटेपर्यंत कप हातात धरून उभे राहिले. हॉटेलवाल्याच्या पोऱ्यानं दोन हाका मारल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

घरी आलो. आईनं नेहमीसारखं ताट वाढलं, भाकरी चुरलेली पाहिली आणि तुपाचं भांडं घेऊन आली. अण्णांनी ताटावर हात आडवा धरला.

आई थांबली. "का? छातीत दुखतंय का?"

"न्हाय. त्याल आन."

"अहो, पर..."

"तुझा नवस फेडायचाय मला," अण्णा म्हणाले.

आई तुपाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. आत्यानं नाक पुसलं. बाबूमियाँ उंबऱ्यात होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. आणि मी, तोंडापासून रक्तापर्यंत बाण काढून दाखवणारा, तेल आणायला उठलो. तीन महिने मी माणसाला त्याचं स्वतःचं मरण दाखवून घाबरवत होतो. अण्णा आपल्या मरणाला भीत नव्हते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला पथ्य म्हणणं म्हणजे पोलीस पाटलाचा अपमान होईल. तो बंदोबस्त होता! कारण आता प्रत्येकाची भूक अण्णांच्या रक्तात अडकली होती. अण्णा नीट होईपर्यंत बाबूमियाँना नळी नाही, आत्याला साय नाही, मला बालूशाही नाही. लग्नाच्या पंगतीत अण्णा बसले की बाबूमियाँ मागं उभे. तूप वाढणारा जवळ आला की, "पुढं चला, पुढं चला." रोज सकाळी आत्या त्यांना फिरायला हाकलायची आणि माळापर्यंत गेले की नाही हे बघायला स्वतः पाठोपाठ जायची. गुरप्पाच्या हॉटेलासमोरून अण्णा जायला लागले की गुरप्पा बालूशाहीच्या परातीवर फडकं टाकायचा. गावात चोरी झाली तर पाटलाला उशिरा कळे, पण पाटलानं खारा शेंगदाणा खाल्ला की गावाला लगेच कळे.

आईनं दूध आणि संध्याकाळचं जेवण पुन्हा सुरू केलं. ते नवसात नव्हतं, असं अण्णांनी तिला कायद्यानं पटवून दिलं. तूप मात्र नवसातलं होतं. ते अण्णांवर अवलंबून होतं.

पावसाळा संपताना पुन्हा रक्त तपासलं. चरबी चांगली उतरली होती. आईनं डॉक्टरांना थेट विचारलं, "नीट झालं म्हणायचं का?" डॉक्टर जरा अडखळले. शास्त्र असं एका शब्दात बोलत नाही, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी एकदा आईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं म्हणा." मग अण्णांना हळूच म्हणाले, "तुमचं मात्र जन्मभर चालू ठेवायचं."

तुळजापूरला जाऊन नवस फेडला. त्या दिवशी घरी पुरण होतं. आईच्या पोळीवर अण्णांनी स्वतःच्या हातानं तूप वाढलं. पाटलानं बायकोला वाढलं हे गावाला कळू नये म्हणून आत्यानं आधी दार लावून घेतलं होतं. आई बास म्हणत होती आणि अण्णा ऐकत नव्हते. रविवारी बाबूमियाँनी नळी अशी काही ठोकली की आम्हाला घरात ऐकू आली.

त्यानंतर अण्णांनी कधी तूप खाल्लं नाही आणि त्यांच्या छातीतही दुखलं नाही. याचं श्रेय डॉक्टर पथ्याला देत, आई देवीला देई. माझं मत विचाराल तर श्रेय आईच्या एका वाक्याचं. नवस फेडून परत येताना तिनं गाडीत अण्णांना शांतपणे सांगून ठेवलं होतं, "तुमी परत खाल्लं, तर म्या परत सोडीन." एवढ्यावर अण्णांची वीस-बावीस वर्षं गेली. चरबी बोलेल असं डॉक्टर म्हणाले होते त्या दहा वर्षांनी ती बोलली नाही, पंधरा वर्षांनीही नाही. अण्णा आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि रोज माळापर्यंत चालतात. आई गेली. ती तापानं गेली, हृदयानं नाही. आता परत सोडणारं कुणी राहिलं नाही, तरी अण्णा आमटीवर करडईचंच तेल घेतात. का, ते मी त्यांना विचारलेलं नाही. मुलं मोठी झाली की काही प्रश्न विचारायचे नसतात हे त्यांना कळायला लागतं.

आणि आता माझं. मागच्या महिन्यात माझ्याही रक्तात चरबी निघाली. डॉक्टर नवे, कागद नवा, बोलणं तेच. मी घरी आलो, सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि तूप बंद झाल्याचं भरल्या आवाजात सांगितलं. सांगून झाल्यावर थोडा थांबलो. कुणी काही सोडतंय का, पाहिलं. बायकोही मी शिकवतो तेवढंच विज्ञान शिकवते. तिनं सहानुभूतीनं मान हलवली आणि स्वतःच्या भातावर तूप घेतलं. मुलगी डॉक्टरकी शिकते आहे. तिनं तुपाचं भांडं आपल्या आईकडून घेतलं आणि पथ्य ज्याचं त्यानंच करायचं असतं, हे मला उदाहरणासह समजावून दिलं. उदाहरण आमच्याच घरातलं होतं.

शेवटी मी अण्णांकडे गेलो. बाप आहे, त्याला तरी काही वाटेल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तुझ्यापायी सोडलं असतं रे म्या काहीतरी," ते म्हणाले. "पर तुझ्या आईनं माझ्याजवळ सोडन्यासारखं काय ठेवलंच न्हाय."

तेव्हा मग तूप मी स्वतःच सोडलं. दुसरा कुठलाच इलाज उरला नाही की मी असा विज्ञानाला धरून वागतो.